पाखोमोव्हा, ल्युदमिला
पाखोमोव्हा, ल्युदमिला : (३१ डिसेंबर १९४६ – १७ मे १९८६). विख्यात रशियन बर्फनृत्यपटू (आइस डान्सर), नृत्यरचनाकार व प्रशिक्षक. संपूर्ण नाव ल्युदमिला अलेक्सेयेव्हना पाखोमोव्हा. जन्म मॉस्को येथे. तिचे वडील सोव्हिएट हवाई दलात ज्येष्ठ अधिकारी होते. अलेक्सांद्र गोर्शकोव्ह या जोडीदारासह तिने सहा वेळा जागतिक अजिंक्यपद (१९७०–७४ व १९७६) आणि सहा वेळा यूरोपीय अजिंक्यपद (१९७०, १९७१ व १९७३–७६) मिळविले. हिवाळी ऑलिंपिक क्रीडासामन्यांत बर्फनृत्याचा अंतर्भाव प्रथम १९७६ मध्ये झाला व त्यातील पहिल्या सुवर्णपदकाचा मानही याच जोडीस लाभला. जागतिक स्पर्धांत सहा विजेतेपदे अन्य कोणत्याही बर्फनृत्य-जोडीने मिळविलेली नाहीत. तथापि पाखोमोव्हाचे महत्त्व केवळ पदकांच्या संख्येत नाही. इंग्लंडमधील नृत्यगृहांच्या शिस्तीत वाढलेल्या या क्रीडाप्रकारास तिने बॅले व लोकनृत्य यांची जोड दिली आणि त्यायोगे त्याची दिशाच बदलली.

बर्फनृत्याचे स्वरूप : बर्फावरील कलात्मक स्केटिंगमध्ये एकेरी, जोडी व नृत्य असे प्रमुख विभाग पडतात [⟶ स्केटिंग]. जोडी स्केटिंग व बर्फनृत्य या दोहोंतही एक पुरुष व एक स्त्री एकत्र भाग घेत असले, तरी त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. जोडीदारणीस डोक्यावर उचलून धरणे, तिला हवेत फेकणे, अनेक फेऱ्यांच्या उड्या मारणे यांसारखे साहसी प्रकार हे जोडी स्केटिंगचे वैशिष्ट्य होय. बर्फनृत्यात यांस मज्जाव असतो. तेथे कसोटी लागते ती पदन्यासाची. स्केटच्या पात्याच्या तळाशी उभी खोलगट खाच असते व तिच्यामुळे पात्यास आतली व बाहेरची अशा दोन कडा प्राप्त होतात. शरीराचा भार नेमक्या कडेवर तोलून वळणे घेणे, संगीताच्या ठेक्यावर पाऊल टाकणे आणि हे सर्व करीत असता जोडीदारापासून शक्य तितके कमी अंतर राखणे, यांत नर्तकांचे कौशल्य दिसून येते. दोघांच्या पात्यांमध्ये काही सेंमी.चेच अंतर असताना वेगाने उलट दिशेस वळणे हे वरवर दिसते तितके सोपे नसते. किंचित चूक झाली तरी पाती एकमेकांत अडकून दोघेही पडतात. तथापि हा धोका प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. याच कारणाने हा प्रकार दीर्घकाळ खेळापेक्षा मनोरंजनात अधिक गणला गेला.

पाखोमोव्हाच्या काळी स्पर्धेचे तीन भाग असत. पहिल्या भागात सर्व जोड्यांना नियमांनी ठरवून दिलेली सक्तीची नृत्ये करावी लागत. त्यांतील प्रत्येक पाऊल, त्याची कड व त्याची मात्रा निश्चित असे. दुसऱ्या भागात ताल नेमून दिलेला असे, परंतु त्यावरील रचना जोडीने स्वतः बसवावयाची असे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या भागाची भर पडली. तिसरा भाग मुक्त नृत्याचा असून त्यात संगीत व रचना या दोहोंची निवड जोडीकडे असे. परीक्षक सहापैकी गुण देत व त्यांवरून प्रत्येक परीक्षक जोड्यांचा क्रम ठरवी. बहुसंख्य परीक्षकांनी दिलेल्या क्रमास अंतिम निकालात निर्णायक महत्त्व असे.

पूर्वपीठिका : बर्फावरील नृत्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात रुजली. जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरने व्हिएन्नात संगीताच्या साथीने स्केटिंग करून दाखविले. त्यानंतर तेथील हौशी मंडळींनी वॉल्ट्झ हे नृत्य बर्फावर आणले. ऑस्ट्रियातच टेनस्टेप (१८८९) व किलियन (१९०९) ही आरंभीची नृत्ये रचली गेली. मात्र या छंदास स्पर्धात्मक क्रीडेचे रूप दिले ते इंग्लंडने. लंडनमधील रिंकवर १९३०–४० या दशकात अनेक नवी नृत्ये रचली गेली. रेजिनल्ड विल्की व डॅफ्नी वॉलिस या जोडीची अर्जेंटाइन टँगो (१९३४), पासो डोब्ले व क्विकस्टेप (१९३८) ही नृत्ये पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील सक्तीच्या नृत्यांत समाविष्ट झाली. या रचनांचा आदर्श नृत्यगृहातील सामाजिक नृत्याचा होता. ताठ पाठ, जोडीदाराची बंदिस्त पकड, संयत हालचाल आणि पावलांची स्वच्छता हे गुण त्यात श्रेष्ठ मानले जात.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बर्फनृत्याचा अधिकृत समावेश १९५२ मध्ये पॅरिस येथे झाला. जीन वेस्टवुड व लॉरेन्स डेमी या ब्रिटिश जोडीने पहिली चार विजेतेपदे मिळविली आणि १९६० पर्यंत ही स्पर्धा ब्रिटिश जोड्यांनीच जिंकली. अमेरिकेचा संघ विमान अपघातात मृत्युमुखी पडल्यामुळे १९६१ ची जागतिक स्पर्धा रद्द करण्यात आली. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या एव्हा रोमानोव्हा व पाव्हेल रोमान या बहीणभावांनी १९६२ पासून सलग चार वर्षे अजिंक्यपद राखले. पुढील चार वर्षे (१९६६–६९) ते डायान टाउलर व बर्नार्ड फोर्ड यांच्याद्वारे पुन्हा ब्रिटनकडे गेले. सोव्हिएट संघात या सुमारास जोडी स्केटिंगची उत्तम परंपरा निर्माण झाली होती. ल्युदमिला बेलोउसोव्हा व ओलेग प्रोतोपोपोव्ह यांनी १९६४ चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले होते. बर्फनृत्य मात्र तेथे नवखे होते आणि त्याच्याकडे गांभीर्याने पाहणारे थोडेच होते.

आरंभीची वाटचाल : पाखोमोव्हाने बालपणीच स्केटिंगचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली व आरंभी ती एकेरी प्रकारात भाग घेत असे. उड्यांपेक्षा संगीताची जाण व अभिनय हे तिचे बलस्थान असल्याने ती लवकरच नृत्याकडे वळली. तिचा पहिला जोडीदार व्हिक्टर रिझकिन हा वयाने व अनुभवाने तिच्याहून बराच मोठा होता. त्याच्यासह तिने १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएट संघाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९६६ मध्ये यूरोपीय व जागतिक स्पर्धांतही ही जोडी उतरली. तथापि लवकरच दोघे विभक्त झाली.

त्याच वर्षी तिने अलेक्सांद्र गोर्शकोव्ह (८ ऑक्टोबर १९४६ – १७ नोव्हेंबर २०२२) याची जोडीदार म्हणून निवड केली. गोर्शकोव्ह तोपर्यंत फारसा नावारूपास आला नव्हता. राष्ट्रीय विजेत्या स्केटरने अशा जोडीदाराबरोबर नव्याने आरंभ करावा, हे अनेकांना अव्यवहार्य वाटले. पाखोमोव्हाचा स्वभाव तापट व महत्त्वाकांक्षी, तर गोर्शकोव्ह शांत, कष्टाळू व संयमी होता. हा स्वभावभेद पुढे त्यांच्या नृत्यातही उपकारक ठरला. पाखोमोव्हाच्या आविष्काराचा आवेग आणि त्यास आधार देणारी गोर्शकोव्हची स्थिर चाल असा मेळ त्यांच्या रचनांत आढळतो. १९७० मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली.

या जोडीच्या यशात त्यांची प्रशिक्षक येलेना चायकोव्हस्काया हिचा वाटा मोठा आहे. १९५७ ची राष्ट्रीय एकेरी विजेती असलेल्या चायकोव्हस्कायाने मॉस्कोतील राज्य नाट्यकला संस्थेत नृत्यदिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. पाखोमोव्हानेही पुढे त्याच संस्थेत तोच अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यामुळे प्रशिक्षक व शिष्या या दोघींनाही रंगमंचीय नृत्याची परिभाषा परिचित होती. पावले अचूक टाकणे एवढ्यावर समाधान न मानता प्रत्येक रचनेस विषय, व्यक्तिरेखा व भावनेचा चढउतार असावा, असा त्यांचा आग्रह होता.

नवी शैली : ब्रिटिश जोड्यांचे अनुकरण करून त्यांच्यावर मात करणे कठीण होते. त्या शैलीचे मर्मज्ञ ब्रिटिशच होते आणि बहुतेक परीक्षकांची अभिरुचीही तिच्यावरच पोसलेली होती. म्हणून चायकोव्हस्कायाने आपल्या शिष्यांसाठी वेगळी वाट शोधली. रशियन लोकगीते, चास्तुश्का या नावाने ओळखली जाणारी खट्याळ ग्रामीण पदे आणि रशियन संगीतकारांच्या रचना यांचा त्यांनी मुक्त नृत्यासाठी उपयोग केला. बंदिस्त पकड सैल करून हातांना मोकळीक दिली. रशियन लोकनृत्यातील डौलदार चाल, अचानक थांबणे, मानेचा झोका, नजरेचा खेळ इ. घटकांना त्यांनी पदन्यासाशी सांधले. बॅलेमधील हस्तविन्यासामुळे रचनेस सलगता आली. दोघे एकाच आकृतीत फिरणारे नर्तक न राहता परस्परांशी संवाद करणारी दोन पात्रे बनली.

हा बदल सर्वांस रुचला नाही. बर्फनृत्यात नाट्याचा शिरकाव झाल्यास पदन्यासाचे महत्त्व उणावेल व परीक्षण व्यक्तिगत आवडीनिवडीवर अवलंबून राहील, अशी भीती जुन्या परंपरेचे पुरस्कर्ते व्यक्त करीत. या आक्षेपात तथ्य होते. तथापि पाखोमोव्हा व गोर्शकोव्ह यांनी सक्तीच्या नृत्यांतही उच्च गुणवत्ता राखली. त्यामुळे त्यांच्या नाट्यमयतेस तांत्रिक उणिवेवरील पांघरूण म्हणता आले नाही. पाया जुन्या शिस्तीचा व अभिव्यक्ती नवी, हे त्यांच्या यशाचे रहस्य होते.

अजिंक्यपदांचा काळ : पहिल्या दोन वर्षांत या जोडीस आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदक मिळाले नाही. १९६९ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील यूरोपीय स्पर्धेत त्यांना ब्राँझपदक आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील जागतिक स्पर्धेत टाउलर व फोर्ड यांच्या खालोखाल रौप्यपदक मिळाले. ब्रिटिश विजेत्यांच्या निवृत्तीनंतर १९७० मध्ये लेनिनग्राड येथे यूरोपीय व ल्यूब्ल्याना येथे जागतिक अजिंक्यपद त्यांनी पटकाविले. बर्फनृत्यातील जागतिक विजेतेपद सोव्हिएट संघास मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. जूडी श्वोमायर व जेम्स स्लॅडकी ही अमेरिकन जोडी त्या वर्षी दुसरी आली.

यानंतरच्या वर्षांत त्यांना खरी स्पर्धा पश्चिम जर्मनीच्या अँजेलिका व एरिख बुक या बहीणभावांकडून झाली. राव्हेन्सबुर्क येथील या जोडीस बेटी कॅलवे या ब्रिटिश प्रशिक्षिकेचे मार्गदर्शन होते आणि तिची शैली नृत्यगृहातील परंपरेशी अधिक निकट होती. त्यामुळे या दोन जोड्यांतील चुरस ही दोन संप्रदायांतील चुरस ठरली. १९७२ मध्ये गॉथनबर्ग येथील यूरोपीय स्पर्धेत बुक भावंडांनी सोव्हिएट जोडीस मागे टाकले. मात्र त्याच वर्षी कॅलगरी येथे पाखोमोव्हा व गोर्शकोव्ह यांनी जागतिक अजिंक्यपद राखले. पुढे ब्रातिस्लाव्हा (१९७३) व म्यूनिक (१९७४) येथील जागतिक स्पर्धाही त्यांनी जिंकल्या. १९७२ नंतर यूरोपीय स्पर्धेतही त्यांचा कधी पराभव झाला नाही.

या काळातील त्यांच्या रचनांपैकी ‘ला कुम्पार्सिता’ या यूरग्वायमधील सुप्रसिद्ध टँगोवर बसविलेली रचना विशेष गाजली. लोकनृत्याच्या प्रसन्न वळणाहून ही रचना अगदी वेगळी होती. तिच्यातील आवेश, संयम व परस्परविरोधी ताण यांमुळे पाखोमोव्हाच्या अभिनयसामर्थ्याचा नवा पैलू पुढे आला. टँगोच्या याच अभ्यासातून दोघांनी चायकोव्हस्कायाच्या साहाय्याने ‘टँगो रोमँटिका’ हे नृत्य रचले. ते प्रथम १९७४ मध्ये मॉस्को येथे सादर झाले. चार मात्रांचा ताल व मिनिटास ११२ मात्रांची लय असलेल्या या नृत्यास आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने पुढे सक्तीच्या नृत्यांत स्थान दिले. पूर्वी ज्या यादीत प्रामुख्याने ब्रिटिश रचना होत्या, तीत सोव्हिएट रचना समाविष्ट होणे हे नव्या संप्रदायास मिळालेल्या मान्यतेचे द्योतक होते.

आजारपण व ऑलिंपिक विजय : बर्फनृत्याचे प्रात्यक्षिक १९६८ च्या ग्रनॉबल ऑलिंपिकमध्ये झाले होते. परंतु १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्येही त्यास पदकाचा दर्जा मिळाला नाही. तो १९७६ च्या सामन्यांपासून देण्यात आला. त्यामुळे अनेक वर्षे जगज्जेते असूनही या जोडीस ऑलिंपिकमध्ये उतरण्याची पहिली संधी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मिळणार होती. त्यासाठी निवृत्ती लांबविणे भाग होते.

अशा वेळी मोठे संकट ओढवले. १९७५ च्या आरंभी कोपनहेगन येथे यूरोपीय अजिंक्यपद मिळविल्यानंतर गोर्शकोव्हला फुप्फुसाचा गंभीर विकार झाला व त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तो पुन्हा स्पर्धेत उतरू शकेल की नाही, याविषयीच शंका निर्माण झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा समुद्रसपाटीपासून सु. १,८०० मी. उंचीवरील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे होती. तेथील विरळ हवा निरोगी स्केटरलाही दमविणारी असते. पाखोमोव्हा व गोर्शकोव्ह तीत उतरले नाहीत आणि इरिना मोइसेयेव्हा व आंद्रेय मिनेंकोव्ह ही तरुण सोव्हिएट जोडी जगज्जेती झाली. आता त्यांच्यापुढील आव्हान परदेशी स्पर्धकांचे नसून स्वदेशातील नव्या पिढीचे होते. चार मिनिटांच्या मुक्त नृत्यात श्वासावर पडणारा ताण लक्षात घेता, गोर्शकोव्हने काही महिन्यांतच पूर्ववत सराव सुरू करणे ही असामान्य गोष्ट होती.

१९७६ च्या आरंभी जिनीव्हा येथे त्यांनी यूरोपीय अजिंक्यपद राखले. त्यानंतर फेब्रुवारीत इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) येथील ऑलिंपिकमध्ये सर्व नऊ परीक्षकांनी त्यांना प्रथम क्रमांक दिला. मोइसेयेव्हा व मिनेंकोव्ह यांना रौप्यपदक, तर अमेरिकेच्या कॉलीन ओकॉनर व जिम मिल्न्स यांना ब्राँझपदक मिळाले. त्याच वर्षी गॉथनबर्ग येथे आपले सहावे जागतिक विजेतेपद मिळवून या जोडीने स्पर्धात्मक स्केटिंगमधून निवृत्ती स्वीकारली. ज्या नगरीत चार वर्षांपूर्वी बुक भावंडांकडून पराभव पत्करावा लागला होता, तेथेच त्यांच्या कारकीर्दीची यशस्वी सांगता झाली.

प्रशिक्षक म्हणून कार्य : निवृत्तीनंतर १९७७ मध्ये पाखोमोव्हास कन्यारत्न झाले. प्रशिक्षणाच्या कार्यास तिने स्वतःस वाहून घेतले. त्याचबरोबर राज्य नाट्यकला संस्थेत स्केटिंगसाठी नृत्यदिग्दर्शक तयार करण्याच्या कामीही ती सहभागी झाली. तात्याना ग्लाद्कोव्हा व इगोर श्पिलबांद या तिच्या शिष्यांनी १९८३ मध्ये जागतिक कुमार अजिंक्यपद मिळविले. नताल्या आनेंको व गेनरिख स्रेतेन्स्की ही तिने घडविलेली जोडी १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये चौथी आली. मात्र ते पाहण्यास ती हयात नव्हती. प्रशिक्षक म्हणून नाव होऊ लागले त्याच सुमारास तिला लसीका संस्थेच्या कर्करोगाने ग्रासले होते. उपचार चालू असतानाही तिने शिष्यांचा सराव सोडला नाही. रुग्णालयातून रिंकवर व रिंकवरून पुन्हा रुग्णालयात अशी तिची अखेरची वर्षे गेली. मॉस्को येथे वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तेथील व्हागान्कोव्हो दफनभूमीत तिचे दफन करण्यात आले. तिच्या आठवणींचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

सोव्हिएट शासनाने तिला ‘गुणवंत क्रीडानिपुण’ हा सर्वोच्च क्रीडाकिताब देऊन गौरविले होते. १९८८ मध्ये जागतिक कलात्मक स्केटिंगच्या सन्मानदालनात तिचा व गोर्शकोव्हचा समावेश करण्यात आला. गोर्शकोव्हने पुढे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या बर्फनृत्य तांत्रिक समितीचे अध्यक्षपद (१९९८–२०१०) आणि रशियाच्या कलात्मक स्केटिंग महासंघाचे अध्यक्षपद (२०१०–२२) भूषविले.

मूल्यमापन : पाखोमोव्हाने रूढ केलेली वाट पुढे अनेकांनी अनुसरली. १९७६ ते १९८८ या काळातील चार ऑलिंपिक सुवर्णपदकांपैकी तीन सोव्हिएट जोड्यांनी मिळविली. अपवाद होता तो १९८४ मध्ये साराजेव्हो येथे रॅव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवर नृत्य करणाऱ्या जेन टॉर्व्हिल व क्रिस्टोफर डीन या ब्रिटिश जोडीचा. ती जोडीही जुन्या ब्रिटिश चाकोरीतील नव्हती. संपूर्ण मुक्त नृत्य एकाच भावनेभोवती गुंफण्याची तिची पद्धत, कथा व व्यक्तिरेखा यांना बर्फनृत्यात मिळालेल्या स्थानाशिवाय संभवली नसती. विशेष म्हणजे बुक भावंडांची प्रशिक्षक बेटी कॅलवे हीच टॉर्व्हिल व डीन यांचीही प्रशिक्षक होती. एकेकाळी परस्परविरोधी मानले गेलेले संप्रदाय एका पिढीतच एकमेकांत मिसळले, असे यावरून म्हणता येते.

जुन्या टीकाकारांची भीती मात्र सर्वस्वी निराधार ठरली नाही. नाट्यमयतेच्या अतिरेकामुळे बर्फनृत्यातील नृत्यच हरवत चालले आहे, अशी तक्रार पुढील दशकांत वारंवार होत राहिली व नियमांत अनेकदा फेरफार करावे लागले. २०१० नंतर सक्तीची नृत्ये स्वतंत्र भाग म्हणून बंद झाली. ऑलिंपिक सामन्यांपुरती ती त्या वर्षी व्हँकूव्हर येथे अखेरची सादर झाली आणि तेथे नेमलेले नृत्य ‘टँगो रोमँटिका’ हेच होते. त्या स्पर्धेतील विजेती कॅनडाची जोडी टेसा व्हर्च्यू व स्कॉट मॉयर हिच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक पाखोमोव्हाचा शिष्य इगोर श्पिलबांद होता. या नृत्यातील काही भाग २०१८-१९ च्या हंगामातही जगभरच्या जोड्यांना सक्तीने करावे लागले. ज्या शिस्तीविरुद्ध बंड केल्याचा आक्षेप पाखोमोव्हावर घेतला गेला, त्याच शिस्तीच्या पाठांत तिची रचना समाविष्ट झाली, ही तिच्या कार्याची सर्वांत टिकाऊ पावती होय.